डिस्क पडेल कुठे आणि थांबेल कुठे : डोंगरावरच्या डिस्क गोल्फविषयी वाचकांचे प्रश्न

डिस्क गोल्फची तोंडओळख करून देणारा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे डोंगरउतारावरच्या कोर्सविषयी आहेत, म्हणून या वेळचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे. तो लेख ज्यांच्या वाचनात आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या खेळात काठी आणि चेंडू नसतो, हाताने डिस्क फेकायची असते. टीवरून, म्हणजे ठरवून दिलेल्या सुरुवातीच्या जागेवरून, पहिली फेक करायची, डिस्क जिथे थांबेल तिथून पुढची फेक करायची आणि साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये ती कमीत कमी फेकींत पोहोचवायची. टीपासून बास्केटपर्यंतच्या एका टप्प्याला होल म्हणतात आणि एका कोर्सवर बहुधा १८ होल असतात. होल हा शब्द गोल्फमधून तसाच आला आहे. जमिनीत खड्डा मात्र कुठेही नसतो. उत्तरांतील डावे-उजवे उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे, डावखुऱ्या वाचकांनी ते उलटे धरावे.

प्रश्न : तीन वर्षे मी सपाट मैदानावरच्या कोर्सवर खेळत आहे आणि माझी फेक सुमारे ८० मीटर बऱ्यापैकी सरळ जाते. अलीकडे प्रथमच डोंगरावरच्या कोर्सवर गेलो. पहिलेच होल टीपासून थेट खाली उतरत जाणारे होते. डिस्क नेहमीची, फेकही नेहमीची, तरी दोन दिवसांतल्या चारही फेऱ्यांत ती डावीकडे वळत वळत झाडीत गेली. माझ्या हाताचे काही चुकते आहे का?

उत्तर : आपल्या हाताचे काहीही चुकलेले नाही. उतारावर डिस्कला हवेत जो जास्तीचा वेळ मिळतो, तो हिशेबात धरायचा राहिला, एवढेच. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीवरून आडवा आणून, फेकलेली डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. अंगात वेग असेपर्यंत ती सरळ जाते किंवा किंचित उजवीकडे झुकते आणि वेग ओसरू लागला की डावीकडे वळून खाली येते. बऱ्याच डिस्कवर जे चार आकडे छापलेले असतात त्यांपैकी पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा सुरुवातीच्या उजव्या झुकावाचा आणि चौथा शेवटच्या डाव्या वळणाचा असतो. सपाट मैदानावर हे शेवटचे वळण सुरू होते न होते तोच जमीन येते, म्हणून ते तीन-चार मीटरांत आटोपते आणि आपल्या लक्षातही राहत नाही. उतारावर मात्र डिस्क खाली येते तशी जमीनही खाली खाली सरकत जाते. वेग संपलेली डिस्क हवेतच राहते आणि राहते तेवढा वेळ डावीकडे वाहत जाते. तेच तीन-चार मीटर तिथे वीस-पंचवीस मीटर होतात आणि आपल्याला झाडी दिसते.

यावरचा उपाय म्हणजे मोठ्या उतारावर ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची वेगवान डिस्क, पिशवीतच ठेवावा आणि ज्या डिस्कचा चौथा आकडा ० किंवा १ आहे अशी मध्यम पल्ल्याची मिडरेंज किंवा जवळच्या फेकींसाठी असलेली सरळ पटर घ्यावी. अंतराची चिंता करू नये, ते काम डोंगर करतो. डिस्कचे नाक, म्हणजे पुढची कड, उताराला समांतर, म्हणजे चक्क खाली, धरून फेकावे. आडव्या रेषेत फेकलेली डिस्क उतारावर प्रत्यक्षात वर फेकल्यासारखीच असते, हे पहिल्या दिवशी कोणालाच पटत नाही. हात तेवढा खाली वाकवण्याऐवजी कमरेतून कलून खांद्यांची रेषाच उताराशी जुळवावी. मग हात आपोआप योग्य वाटेने जातो.

चढाच्या होलवर सगळे उलट होते. डिस्क चढताना वेग झपाट्याने गमावते, त्यामुळे डावे वळण अपेक्षेपेक्षा फार लवकर सुरू होते आणि बास्केट वर आहे म्हणून आपण नकळत नाक उचलतो, तेव्हा ती हवेत थबकून मागे डावीकडे घसरते. तिथे तिसरा आकडा उणे २ किंवा उणे ३ असलेली, सहज उजवीकडे झुकणारी डिस्क कामाची असते.

आता वाऱ्याविषयी, कारण आपण फेऱ्या सकाळी खेळलात की दुपारी, हे पत्रात लिहिलेले नाही. ऊन तापले की डोंगराच्या अंगाची हवा गरम होऊन उताराने वर चढते आणि सूर्य मावळल्यावर थंड झालेली हवा उताराने खाली वाहते. म्हणजे आपले ते उतरते होल दुपारी बहुधा समोरून येणाऱ्या वाऱ्यात खेळावे लागते. समोरचा वारा डिस्कला अधिक वेगात असल्यासारखे वागवतो, ती उजवीकडे झुकते आणि वर उचलली जाते. पाठीमागचा वारा तिला लवकर खाली दाबतो आणि डावीकडे नेतो. सकाळी अचूक ठरलेली फेक दुपारी त्याच टीवरून चुकते ती यामुळे. टीवरचे गवत हलते की नाही एवढ्यावर विसंबू नये. डिस्कचा बहुतेक प्रवास मधल्या घळीवरून होतो, म्हणून घळीतल्या झाडांचे शेंडे पाहावेत.

प्रश्न : समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० मीटर उंचीवरच्या एका कोर्सवर आम्ही चौघे जाणार आहोत. विरळ हवेत डिस्क लांब जाते असे एक जण म्हणतो, ती लवकर पडते असे दुसरा म्हणतो. खरे कोणाचे?

उत्तर : दोघांचेही निम्मे खरे आहे. डिस्कला मागे खेचणारा हवेचा रोध आणि तिला उचलून धरणारी उद्धारक शक्ती, दोन्ही हवेच्या घनतेवर अवलंबून असतात. समुद्रसपाटीच्या तुलनेत ही घनता १५०० मीटरवर सुमारे १४ टक्क्यांनी आणि २५०० मीटरवर सुमारे २२ टक्क्यांनी कमी असते. रोध कमी म्हणून जोराने फेकलेली डिस्क आपला वेग अधिक काळ टिकवते. उचल कमी म्हणून जी डिस्क तरंगण्याच्या गुणावर लांब जात असे ती आधीच खाली बसते. शिवाय सुरुवातीचा उजवा झुकाव कमी होतो आणि शेवटचे डावे वळण अधिक जाणवते. खाली जी डिस्क सरळ जाते ती वर डावीकडे ओढ घेते, म्हणून नेहमीपेक्षा थोडी जास्त उजवीकडे झुकणारी आणि थोडी हलकी डिस्क घ्यावी. नियमानुसार डिस्कचे वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणजे २१ सेंटिमीटर व्यासाची डिस्क जास्तीत जास्त १७४ ग्रॅमची. आपल्यापैकी बहुतेकांच्या पिशवीतल्या डिस्क या मर्यादेच्या आसपासच असतात. त्यांच्याबरोबर १६० ते १६५ ग्रॅमच्या दोन असू द्याव्यात.

खरा फरक पटिंगमध्ये, म्हणजे बास्केटजवळून केलेल्या शेवटच्या फेकीत, कळतो. हळू फेकलेली पटर त्या उंचीवर साखळ्यांच्या मध्याऐवजी खालच्या पिंजऱ्याच्या काठावर आदळू लागते. पहिल्या टीवर जाण्याआधी सरावाच्या बास्केटवर वीस-पंचवीस वेळा फेकून पाहावे आणि नजर साखळीच्या दोन-तीन कड्या वर न्यावी. आणखी एक गोष्ट सोबत घेण्याची आहे, ती म्हणजे ऊब. दर १००० मीटरला तापमान सर्वसाधारणपणे ६.५ अंशांनी उतरते. गारठ्यात साधे प्लास्टिक कडक आणि निसरडे होते आणि बोटांना काठाची पकड नीट लागत नाही. मी थंडीत पटर कोटाच्या आत छातीशी ठेवतो आणि पाळी आली की बाहेर काढतो.

प्रश्न : बास्केटपाशी मी दोन फेकींत पोहोचते, पण पटिंग चुकले की डिस्क कडेवर उभी राहून गडगडत खाली जाते आणि त्या होलवर सहा-सात फेकी होतात. हे नशिबावर सोडून द्यायचे का?

उत्तर : मुळीच नाही. डोंगरावरच्या खेळातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो, म्हणून याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. सपाट मैदानावर डिस्क कुठे पडेल याचा विचार पुरतो. डोंगरावर ती कुठे थांबेल याचा विचार फेकण्याआधी करावा लागतो.

एका कोर्सवर बास्केट डोंगराच्या सोंडेच्या अगदी टोकाला, दगड रचून केलेल्या हातभर उंचीच्या ओट्यावर होती. माझी डिस्क आठ पावलांवर होती आणि वारा पडलेला होता. मी फेकलेली डिस्क उजवीकडच्या बाहेरच्या साखळीला लागली, साखळी खणखणली, डिस्क ओट्याच्या दगडावर कडेने पडली, क्षणभर जागच्या जागी गरगरली आणि मग चाकासारखी उभी राहून निघाली. वाळलेल्या गवतात तिच्यामागे एक बारीक रेघ उमटत गेली. मध्येच एका दगडावरून तिने उडी घेतली, खालच्या पायवाटेवर ती थोडी वळली आणि अखेर एका झुडपाच्या बुंध्याला अडली. परत चढून येताना मी पावले मोजली, बासष्ट भरली. हे सारे घडायला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला नसेल.

त्यानंतर मी उतारावरच्या प्रत्येक फेकीआधी एक गोष्ट पाहू लागलो. डिस्क जमिनीला टेकेल तेव्हा तिचा कल आणि जमिनीचा कल एकमेकांशी जुळतात का? जुळले तर ती पोटावर बसते, फार तर घसरते. जुळले नाहीत तर तिची कड जमिनीत रुतते, ती उभी राहते आणि गडगडते. उजव्या हाताची बॅकहँड फेक शेवटी डावीकडे कलून उतरते. जमीनही डावीकडे उतरत असेल तर दोन्ही कल जुळतात. जमीन उजवीकडे उतरत असेल, म्हणजे डोंगर आपल्या डाव्या हाताला असेल, तर डिस्कची डावी कड थेट चढात घुसते. तिथेच ती उभी राहते. अशा आडव्या उतारावर फोरहँड, म्हणजे तळहात पुढे ठेवून हाताच्याच बाजूने केलेली फेक, वापरावा, कारण ती फेक शेवटी उजवीकडे कलते. फोरहँड येत नसेल तर पटर छातीच्या उंचीवरून, अगदी सपाट आणि संथ फेकावी. आपण वर्णन केलेल्या फेकी बहुधा याच जातीच्या असाव्यात.

दुसरे असे की, बास्केटच्या मागे जमीन खाली पडत असेल तर दहा-बारा मीटरवरून बास्केट गाठण्याचा मोह सोडावा आणि डिस्क बास्केटच्या अलीकडे दोन पावलांवर बसवावी. यात कमीपणा काही नाही. चुकलेल्या धाडसाची किंमत दोन-तीन फेकी असते आणि सावधपणाची एक. चढावरून वर बास्केटकडे फेकताना मात्र मन मोकळे ठेवावे; तिथे चुकलेली डिस्क बहुधा मागच्या चढात अडकते.

उभे राहण्याच्या नियमाकडेही लक्ष द्यावे. बास्केटपासून १० मीटरच्या आत असताना डिस्क सुटल्यावर, आधीची फेक थांबली ती जागा दाखवणाऱ्या खुणेच्या डिस्कच्या मागेच तोल सावरलेला दिसला पाहिजे, मगच पुढे पाऊल टाकता येते. उतारावर शरीर आपोआप पुढे झोकते आणि पाऊल पडते, तो नियमभंग ठरून दंडाची फेक वाढते. टेकवण्याची जागा खुणेच्या डिस्कच्या मागे २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब एवढीच असते, पण तिथे पायच असला पाहिजे असे नाही; गुडघा टेकला तरी चालतो. तीव्र उतारावर मी एक गुडघा टेकूनच फेकतो. जोर कमी लागतो, पण तोल जात नाही.

प्रश्न : एका फेरीत माझ्या तीन डिस्क घळीत गेल्या. एक सापडली, पण ती कड्याच्या इतक्या जवळ होती की तिथे उभे राहण्याचे धाडस झाले नाही. नियम काय सांगतो?

उत्तर : धाडस केले नाहीत हे उत्तम केलेत, आणि नियमही आपल्याच बाजूने आहे. कोणत्याही वेळी दंडाची एक फेक स्वीकारून आपण डिस्क आणि बास्केट यांना जोडणाऱ्या रेषेवरून, बास्केटपासून आणखी मागे, सोयीच्या जागी येऊ शकता. मागेही जागा धड नसेल तर झालेली फेक सोडून देऊन, पुन्हा एक दंडाची फेक धरून, आधीच्या जागेवरून फेकता येते. हरवलेल्या डिस्कसाठी शोधाची मुदत ३ मिनिटे असते. ती संपली की दंडाची एक फेक आणि आधीच्याच जागेवरून पुन्हा खेळ. डिस्क झाडावर अडकली तर तिच्या बरोबर खालची जमीन ही आपली जागा. जमिनीपासून दोन मीटरपेक्षा उंच अडकल्यास दंड, हा नियम आयोजकांनी आधी जाहीर केला असेल तरच लागतो. आणि डिस्क मधमाश्यांच्या पोळ्याजवळ किंवा एखाद्या धोकादायक प्राण्याजवळ गेली असेल तर दंडाशिवाय मागे सरकण्याची मुभा आहे.

पुढच्या वेळी आंधळ्या उताराच्या होलवर एका खेळाडूला आधी पुढे पाठवून, बाजूला सुरक्षित उभे करावे. डिस्क कुठे शिरली हे पाहणारा एक माणूस तीन जणांच्या शोधापेक्षा जास्त उपयोगी पडतो. हिरव्या आणि तपकिरी डिस्क घरी ठेवाव्यात.

प्रश्न : माझे वय ६४ आहे. पत्नी आणि मी दोघेही नियमित चालतो. डोंगरावरचा १८ होलचा कोर्स आम्हाला झेपेल का? पिशवीत किती डिस्क असाव्यात?

उत्तर : नियमित चालणाऱ्यांना झेपेल, पण १८ च होल खेळलेच पाहिजेत असा हट्ट धरू नये. बऱ्याच कोर्सवर नववे होल सुरुवातीच्या जागेजवळ येते. तिथे थांबून, पाणी पिऊन, गुडघ्यांना विचारून मग पुढचे ठरवावे. चढ दमवतो, पण गुडघ्यांना खरा त्रास उतार देतो. चालण्याची काठी आणि चांगली पकड असलेले बूट यांत काटकसर नको. कोर्स २५०० मीटरच्या वर असेल तर पोहोचल्याच दिवशी पूर्ण फेरी खेळू नये. डोके दुखणे, मळमळणे किंवा अन्नावरची वासना जाणे यांकडे थकवा म्हणून दुर्लक्ष करू नये. तिथेच थांबावे आणि त्रास वाढला तर खाली उतरावे. उंचीवर दर १००० मीटरला अतिनील किरणे सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, म्हणून हवा गार वाटली तरी टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. टीवर अंतरानुसार वेगवेगळ्या खुणा असतात. जवळच्या टीवरून खेळण्यात काहीही गैर नाही.

डिस्क पाच पुरेत: दोन पटर, दोन मिडरेंज आणि एक सोपा ड्रायव्हर. पिशवीतली प्रत्येक जास्तीची डिस्क चढावर आपलीच पाठ वाहते. पटरने जवळचेच खेळायचे असते असा समज असेल तर २०२१ सालची जागतिक स्पर्धा आठवावी. युटामध्ये, वासाच पर्वतरांगेच्या पायथ्याशी असलेल्या ऑग्डेन शहरात शेवटच्या होलवर जेम्स कॉनरॅड एका फेकीने मागे होता आणि बास्केट सुमारे ७५ मीटरवर होती. त्याने पटर काढली, ती थेट साखळ्यांत घातली, बरोबरी साधली आणि जादा होलवर पॉल मॅकबेथला हरवून विजेतेपद मिळवले. तसे आपल्याला जमावे असे मी सुचवत नाही, पण डोंगरावर पटर टीपासून बास्केटपर्यंत साथ देते, हे मात्र अगदी खरे आहे.

प्रश्न : दुपारी ढग भरून आले तर खेळ किती वेळ चालू ठेवावा?

उत्तर : पहिला गडगडाट ऐकू आला की थांबवावा, हातातली फेकसुद्धा पूर्ण करू नये. उंच डोंगरांवर उन्हाळ्यात दुपारनंतर वादळी ढग फार झपाट्याने तयार होतात, म्हणून उंचीवरची फेरी सकाळी लवकर सुरू करून दुपारपूर्वी संपवणे हेच शहाणपणाचे. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे ३ सेकंद लागतात. वीज दिसल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्यावरही पडू शकते. धारेवरून आणि उघड्या माथ्यावरून खाली उतरावे, एकट्या झाडाखाली थांबू नये, लोखंडी बास्केटपासून दूर राहावे आणि पक्की इमारत किंवा बंद मोटार गाठावी. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे गेल्याशिवाय परत येऊ नये. गटातला एखादा जण एवढे एकच होल राहिले म्हणून आग्रह करतो. त्याला नकार देण्याचे काम आपण करावे.

प्रश्न : मी खेळाडू नाही, डोंगर चढणारा आहे. माझ्या आवडत्या वाटेवर आता बास्केट उभ्या राहिल्या आहेत. डोंगराला खेळाचे मैदान करण्याची गरज होती का?

उत्तर : आपल्या पत्रातली व्यथा मला समजते आणि तिला उडवून लावण्याचा माझा मुळीच विचार नाही. हा खेळ डोंगरावर का पोहोचला ते आधी सांगतो. कॅलिफोर्नियात, सॅन गॅब्रिएल पर्वतांच्या पायथ्याशी असलेल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिक यांनी १९७५ साली पहिला कायमस्वरूपी कोर्स उभारला आणि पुढच्याच वर्षी प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन ही संस्था स्थापन केली. साखळ्यांची बास्केट हीदेखील त्यांचीच कल्पना. तिला खांबापुरता खड्डा लागतो. जमीन सपाट करावी लागत नाही, हिरवळ लावावी लागत नाही, पाणी घालावे लागत नाही. त्यामुळे जिथे चेंडूचा गोल्फ शक्यच नाही अशा खडकाळ, झाडीच्या, तिरक्या जागा या खेळाला चालतात. बर्फावरच्या घसरणीसाठी झाडे तोडून मोकळे केलेले उतार उन्हाळ्यात रिकामेच असतात. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या स्मगलर्स नॉच या अशाच ठिकाणी २०१८ आणि २०२३ साली जागतिक स्पर्धा झाल्या. आधीच मोकळ्या झालेल्या उतारावर कोर्स आखला तर डोंगराचे नवे नुकसान फारसे होत नाही.

पण ते अजिबात होत नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. टीच्या समोरच्या झाडांची साल डिस्कच्या माऱ्याने सोलून निघते. वळणावळणाची वाट सोडून खेळाडू डिस्कच्या मागे सरळ उतारावरून उतरतात, गवत मरते आणि पावसात त्याच रेघेने माती वाहून जाते. हे टाळता येते. कोर्स आखणाऱ्यांनी समोरच्या बुंध्यांना आवरण घालावे, बास्केटच्या जागा अधूनमधून बदलून जमिनीला विश्रांती द्यावी, घसरत्या जागी दगडी पायऱ्या बसवाव्यात. खेळाडूंनी ठरलेल्या वाटेनेच उतरावे, मग चार पावले जास्त पडली तरी चालतील. आणि आपल्यासारख्या वाटसरूचा हक्क नेहमीच पहिला असतो. पायवाटेवर माणूस दिसत असताना, किंवा वळणामुळे पलीकडचे दिसत नसताना, फेक करता कामा नये. दीडपावणेदोनशे ग्रॅमची, पातळ कडेची डिस्क वेगाने लागली तर डोळा जाऊ शकतो. असे घडताना दिसल्यास तिथल्या व्यवस्थापनाकडे जरूर तक्रार करावी. खेळणाऱ्यांपैकी अनेकांना ती तक्रार हवीच असते.

प्रश्न : डोंगरावरच्या कोर्सवर गेलो की समोरचा देखावा पाहण्यातच मन रमते आणि खेळ बिघडतो. खेळात लक्ष घातले तर एवढ्या लांब येऊन काही पाहिलेच नाही असे वाटते. आपण काय करता?

उत्तर : देखाव्यामुळे खेळ बिघडतो तो नुसत्या मनामुळे नव्हे, नजरेमुळेही बिघडतो. मैदानावर बास्केटच्या मागे झाडे, कुंपण, माणसे असे काहीतरी असते आणि त्यांच्या आकारावरून डोळा अंतर ठरवतो. बास्केटच्या मागे दरी आणि तिच्या पलीकडे निळसर डोंगर एवढेच असेल तर डोळ्याला तुलनेला काही उरत नाही आणि नऊ मीटर कधी सहा वाटतात, कधी बारा. म्हणून अशा जागी अंदाजावर न जाता बास्केटपर्यंत चालत जाऊन पावले मोजावीत, परत यावे आणि बास्केटच्या खांबाच्या बुडाशी असलेल्या जमिनीकडे पाहून अंतर मनात बसवावे. त्यानंतर नजर एकाच साखळीच्या एकाच कडीवर ठेवावी. मागचा डोंगर तेव्हा आपोआप पुसट होतो.

पाहण्यासाठी वेळ मी वेगळा काढतो. आपली पाळी आल्यावर फेकायला ३० सेकंद मिळतात, ते देखाव्यासाठी नाहीत. पण ज्याने आधीचे होल सर्वांत कमी फेकींत संपवले तो टीवर आधी फेकतो, आणि मी बहुधा तिसरा-चौथा असतो, त्यामुळे मला उभे राहायला भरपूर वेळ मिळतो. पिशवी खाली ठेवतो, मागून दुसरा गट येत असेल तर त्याला पुढे जाऊ देतो आणि दरीकडे तोंड करून उभा राहतो. दुसऱ्याची डिस्क पाहायची असेल तर ती डोंगरावरच पाहावी. टीवरून सुटल्यावर ती क्षणभर आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असते, मग खालच्या झाडांवर तिची लहानशी सावली धावताना दिसते, डिस्क आणि सावली एकमेकींच्या जवळ येत जातात आणि दोघींची गाठ पडते तेव्हा बऱ्याच उशिराने, अगदी बारीक, जमिनीला टेकल्याचा आवाज वर येतो.